मालवाहू विमानाचा वैमानिक होताना

२०१६ च्या जून महिन्यात हैदराबादजवळील दुंडीगल येथील हवाई दल अकादमीत आमच्या तुकडीची शाखावाटणी जाहीर झाली. लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर अशा तीन शाखा असतात आणि उड्डाण प्रशिक्षणाचा पहिला टप्पा संपला की प्रत्येक प्रशिक्षणार्थीला त्यांपैकी एकीत जावे लागते. मी पसंतीच्या अर्जात पहिल्या क्रमांकावर लढाऊ विमाने लिहिली होती. माझे नाव मालवाहू विमानांच्या यादीत निघाले. त्या रात्री मी घरी फोन केला नाही. ही वाटणी कशी होते, ती झाल्यावर मनाचे काय होते आणि पुढे तिच्याविषयीचे माझे मत कसे बदलत गेले, हे लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण या क्षेत्रात येऊ पाहणारी आपल्याकडील मुले मला जे प्रश्न विचारतात, ते जवळजवळ सगळे लढाऊ विमानांविषयीच असतात.

माझे वडील अंबाजोगाई आगारात एस.टी.चे वाहक होते. दहावीनंतर मी तेव्हाच्या औरंगाबादमधील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेशपरीक्षा दिली आणि निवडला गेलो. राज्य शासनाने १९७७ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत अकरावी-बारावी करता करता राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करून घेतात. मराठवाड्यातल्या ज्या मुलाच्या घरी सैन्यातले कोणीच नाही, त्याला ही संस्था नसती तर मुलाखत म्हणजे काय हेही कळले नसते, असे मी खात्रीने सांगू शकतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखतही तेवढ्याच गुणांची. माझी मुलाखत म्हैसूरला झाली. गटचर्चा, अडथळे, मानसशास्त्रीय चाचण्या यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही.

मात्र वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वैमानिक निवडीची संगणकीकृत चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. निवड मंडळापुढे नापास झालात तर पुन्हा जाता येते. या चाचणीत नापास झालात तर उड्डाण शाखेचे दार कायमचे बंद होते. आधी विमानातील तबकड्या वाचून विमानाची स्थिती ओळखण्याची लेखी परीक्षा होते आणि मग यंत्रावर बसवतात. हातात दांडा, पायाखाली पेडल, समोरच्या पडद्यावर सरकणारा ठिपका. तो मध्यभागी धरून ठेवायचा आणि त्याच वेळी दिवे व आवाज यांच्या सूचनांना प्रतिसाद द्यायचा. मला आदल्या रात्री झोप लागली नव्हती आणि ती चूक होती, कारण या चाचणीत पाठांतर उपयोगी पडत नाही, ताजे डोके उपयोगी पडते. वैद्यकीय तपासणी बंगळूरला झाली. तिथे उंची किमान १६२.५ सेंटीमीटर आहे की नाही हे जसे पाहतात, तशीच मांडीची लांबी ६४ सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही ना, हेही पाहतात. आणीबाणीत आसनासह बाहेर फेकले जाताना गुडघे समोरच्या पॅनेलला आपटू नयेत, यासाठी ही मर्यादा आहे. माझ्याबरोबरचा नगरचा एक अतिशय हुशार मुलगा केवळ या मापामुळे मागे राहिला.

जानेवारी २०१३ मध्ये मी खडकवासल्याला दाखल झालो. तिथल्या तीन वर्षांतील एकच आठवण इथे सांगतो. हवाई दलाच्या छात्रांना प्रबोधिनीतच सुपर डिमोना या छोट्या मोटर ग्लायडरमधून उडवतात. धरणाच्या पाण्यावर असताना प्रशिक्षकांनी पहिल्यांदा दांडा माझ्या हाती दिला, समोर सिंहगडावरचा मनोरा दिसत होता, आणि मी दांडा इतका घट्ट आवळला होता की बोटांच्या पेरांचा रंग गेला होता. “सोड थोडा. ते आपोआप उडते,” असे ते शांतपणे म्हणाले. उड्डाणाविषयीचे इतके उपयोगी वाक्य मी नंतरही फार वेळा ऐकले नाही.

जानेवारी २०१६ मध्ये दुंडीगलला आलो. जुनी एचपीटी-३२ विमाने २००९ मध्ये सेवेतून थांबवली गेली होती आणि २०१३ पासून स्विस बनावटीची पिलाटस पीसी-७ मार्क-२ आली होती. या विमानात प्रशिक्षणार्थी पुढे बसतो आणि प्रशिक्षक मागे, थोड्या उंच आसनावर. धावपट्टीवर शक्ती वाढवली की पंख्याच्या फिरण्यामुळे नाक डावीकडे ओढ घेते आणि उजवे पेडल नेमके तेवढेच दाबून ते सरळ ठेवावे लागते. पहिले पंधरा दिवस माझे विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर कधीही सरळ धावले नाही. उड्डाण नसलेल्या वेळी आम्ही खोलीत खुर्चीवर बसून, डोळे मिटून, संपूर्ण सॉर्टी, म्हणजे एक पूर्ण उड्डाणफेरी, तोंडाने म्हणत असू: अमुक ठिकाणी वळण, अमुक ठिकाणी चाके खाली, अमुक वेग, अमुक उंची. बाहेरून पाहणाऱ्याला ते विचित्र दिसते, पण हवेत विचार करायला वेळ नसतो. जे अंगवळणी पडले आहे तेवढेच तिथे हाताशी असते.

प्रत्येक सॉर्टीला गुण असतात. प्रगती मंदावली तर जादा सॉर्टी मिळतात, मग परीक्षण उड्डाण होते आणि त्यातही सुधारणा दिसली नाही तर उड्डाण प्रशिक्षण थांबवले जाते. माझ्या शेजारच्या खोलीतल्या कोर्समेटचे असेच थांबले. त्याने मला न सांगता सामान बांधले आणि सकाळी फक्त त्याचे हेल्मेट ठेवण्याचे कपाट रिकामे दिसले. मलाही दोन जादा सॉर्टी मिळाल्या होत्या. विमान उतरवताना मी शेवटच्या क्षणी नाक फार लवकर उचलत असे, विमान धावपट्टीवर तरंगत राही आणि मग आदळे. प्रशिक्षकांनी माझी नजर कुठे असते हे विचारले, तेव्हा मी अगदी जवळची जमीन पाहत होतो हे लक्षात आले. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे नेल्यावर दोन दिवसांत दोष गेला.

पहिले एकल उड्डाण एका सर्किटचे, म्हणजे उडून धावपट्टीला एक फेरी घालून पुन्हा उतरण्याचे, असते. प्रशिक्षक उतरले, मागच्या आसनाचे पट्टे त्यांनी स्वतः बांधले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. हवेत गेल्यावर जाणवले की कानातला त्यांच्या श्वासाचा आवाज नाही. मास्कमधल्या मायक्रोफोनमुळे मागच्या माणसाचा श्वास सतत ऐकू येत असतो आणि आपल्याला त्याची इतकी सवय झालेली असते, हे तो थांबेपर्यंत कळत नाही. मी सगळे चेक नेहमीसारखेच मोठ्याने म्हटले.

त्याच जूनमध्ये, १८ तारखेला, संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत दीक्षान्त संचलन झाले आणि अवनी चतुर्वेदी, भावना कंठ व मोहना सिंह या तिघी लढाऊ शाखेत दाखल झालेल्या देशातील पहिल्या महिला ठरल्या. आम्ही कनिष्ठ छात्र ते पाहत होतो. अशा दिवशी कोणाला लढाऊ विमानाशिवाय दुसरे काही सुचेल? वाटणी तीन गोष्टींवर होते: उड्डाण आणि वर्गातील अभ्यास मिळून तयार झालेला गुणानुक्रम, स्वतःची पसंती आणि त्या वेळची सेवेची गरज. माझ्या जादा सॉर्टींनी मला खाली आणले होते. वाटणी न्याय्य होती, हे मला तेव्हाही ठाऊक होते, आणि तरीही वाईट वाटायचे ते वाटलेच.

दुसऱ्या दिवशी घरी सांगितले तेव्हा आई गप्प राहिली. बाबांनी विचारले, “म्हणजे माणसं नेणार-आणणार, सामान पोचवणार ना? मग चांगलंच आहे की.” तीस वर्षे दाराशी उभे राहून प्रवासी मोजलेल्या माणसाला ते काम समजावून सांगावे लागले नाही.

पुढचे प्रशिक्षण बंगळूरजवळ येलहंका येथे डॉर्नियर विमानावर झाले. तिथे पहिल्यांदा शेजारी-शेजारी बसून उडवायला शिकलो. एकाने वाचायचे, दुसऱ्याने करायचे आणि पहिल्याने ते झाले आहे हे पाहून घ्यायचे, ही पद्धत मला मनापासून आवडली. डिसेंबर २०१६ मध्ये छातीवर वैमानिकाचे पंखांचे चिन्ह लागले आणि काही महिन्यांनी मी चंडीगडला एएन-३२ या मालवाहू विमानावर सहवैमानिक झालो. १९८४ पासून सेवेत असलेले हे विमान पंखांच्या वर बसवलेल्या दोन इंजिनांवर चालते आणि आत शिरताच केरोसिन, ताडपत्री व भाजीपाला यांचा मिश्र वास येतो.

लेहचा विमानतळ सुमारे १०,७०० फूट उंचीवर आहे. तिथे सर्वसाधारणपणे एका बाजूने उतरायचे आणि उलट दिशेने उडायचे, कारण एका टोकाला डोंगर चढत जातो. हवा मुळातच विरळ, त्यात दुपारी तापली की इंजिनाची शक्ती घटते आणि वारे उठतात, म्हणून कामे सकाळीच उरकावी लागतात. किती वजन घेऊन उडता येईल याचा हिशेब दर तासाला बदलतो. एकदा हवामानामुळे पाच दिवस विमाने गेली नव्हती आणि सहाव्या दिवशी आम्ही पोहोचलो. सुट्टीवर निघालेले जवान रांगेत होते. तापमान चढत होते आणि हिशेबाप्रमाणे चार माणसे कमी करावी लागणार होती. माझ्या छातीवरचे नाव वाचून एक जवान मराठीत म्हणाला, “साहेब, मी पाटोद्याचा. धाकटीचं लग्न परवा हाय.” कॅप्टननी हिशेब पुन्हा मांडायला सांगितला, परतीसाठी लागणाऱ्या इंधनापेक्षा जास्तीचे थोडे होते ते काढून घेतले आणि चौघेही बसले. नियमाच्या आत राहून जागा कुठे सापडते हे शोधणे, हे या शाखेतले खरे कसब आहे आणि त्या दिवसापासून मी यादीची खंत केली नाही.

३ जून २०१९ रोजी आसाममधील जोरहाटहून अरुणाचल प्रदेशातील मेचुकाला निघालेले एएन-३२ पोहोचले नाही. त्यात १३ जण होते. अवशेष सापडायला आठ दिवस लागले आणि त्या आठ दिवसांतही आमची उड्डाणे चालूच होती. याविषयी अधिक लिहिता येत नाही.

२०२३ पर्यंत मी कॅप्टन झालो होतो, खराब हवामानात उपकरणांवर उडण्याचे ग्रीन कार्ड हाती होते. सप्टेंबरमध्ये पहिले सी-२९५ हे नवे मालवाहू विमान दाखल झाले आणि नव्या विमानावर जाण्याची संधी दिसू लागली. कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकारी-नेमणूक, असल्याने मनात येईल तेव्हा नोकरी सोडता येत नाही आणि निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची सेवा लागते, म्हणून नागरी विमान कंपन्यांचा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना मी फारसे उत्तर दिले नाही. दुसरी वाट तांबरमच्या शाळेत जाऊन प्रशिक्षक होण्याची होती. त्याच वर्षी ४ डिसेंबरला तेलंगणातील मेदक जिल्ह्यात पिलाटस कोसळून प्रशिक्षक आणि छात्र दोघेही गेले. पत्नीने तेव्हा एकच विचारले, “तरीही तांबरमलाच जायचं आहे का?” मी होय म्हटले, कारण मला घडवणारे त्या मागच्या आसनावरच बसले होते.

प्रशिक्षकांची शाळा १९४८ मध्ये अंबाल्याला सुरू झाली आणि १९५४ पासून चेन्नईजवळील तांबरमला आहे. तिथे सर्वांत अवघड जाते ते पॅटर: विमान उडवत असतानाच, हाताच्या हालचालीबरोबर अचूक जुळेल असे, तोलून मापून बोलत राहणे. “आता मी नाक वर घेतो” हे शब्द नाक उचलण्याच्या आधी येऊन चालत नाही आणि नंतरही नाही. मी रात्री गच्चीवर फेऱ्या मारत ते पाठ करत असे.

आता मी दुंडीगलला आहे. गेल्या तुकडीच्या वाटणीच्या संध्याकाळी माझा एक छात्र खोलीच्या दाराशी आला. त्याचे नाव मालवाहू यादीत होते. मी त्याला आत बसवले आणि लेहच्या वजनाच्या हिशेबाचा एक जुना कागद समोर ठेवला. बराच वेळ तो कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, रॅम्प उघडून माल टाकताना मागे उभ्या असलेल्यांना ऑक्सिजन कसा मिळतो?” आम्ही रात्री दहापर्यंत बोलत बसलो होतो.