एमएमआर तपासणी: बडोद्यातल्या लॅबच्या टेबलावरून

एमएमआर म्हणजे मिसमॅच रिपेअर, डीएनएतल्या चुकांची दुरुस्ती. कर्करोगाच्या गाठीत ती चालू आहे की बंद, हे या तपासणीत बघतात. मोठ्या आतड्याच्या गाठीचा हा रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक वेळा बाटलीतच. बडोद्यात ऑपरेशनचा नमुना अजूनही पुष्कळदा नातेवाईकच लॅबमध्ये घेऊन येतात. रुंद तोंडाचा डबा असला तर बरं. नाहीतर अरुंद बाटलीत आतडं कोंबलेलं आणि फॉर्मॅलिन जेमतेम बुडण्यापुरतं. असं आतडं वरून कडक होतं आणि आतून कुजायला लागतं. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन हवं, नमुन्याच्या निदान दहापट, आणि आतडं चिरून उघडलेलं. त्यात ते ६ तासांहून कमी नको, ७२ तासांहून जास्त नको. म्हणून मी आधी विचारते, "काका, ऑपरेशन किती वाजता संपलं?" फॉर्मवर ती वेळ क्वचितच लिहिलेली असते.

शोधायचं काय, तर डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. ती जोडीनं काम करतात. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ टिकत नाही, एमएसएच२ गेलं की एमएसएच६ टिकत नाही. उलटं मात्र होत नाही, त्यामुळे एकटं पीएमएस२ किंवा एकटं एमएसएच६ गायब दिसलं तर संशय त्याच जनुकावर. आतड्याच्या साधारण १५ टक्के कर्करोगांत ही दुरुस्ती बंद पडलेली असते.

ब्लॉक (मेणात बसवलेला नमुन्याचा तुकडा) निवडताना गाठीच्या कडेचा घेते, म्हणजे शेजारचं निरोगी अस्तरही त्याच स्लाइडवर येतं. ३ ते ४ मायक्रॉनचे काप, पॉझिटिव्ह चार्ज्ड स्लाइडवर. साध्या काचेवर घेतले तर गरम बफरमध्ये सुटून तरंगतात. चिकट श्लेष्मा असलेल्या गाठीचे तर हमखास. मग ओव्हन, झायलीन, अल्कोहोल, आणि पीएच ९ च्या बफरमध्ये ९५ अंशांच्या वर वीसेक मिनिटं. बाहेर काढून लगेच थंड पाण्यात टाकायचं नाही, हळूहळू निवू द्यायचं. पुढे पेरॉक्साइड, प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी, पॉलिमर, आणि प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग आणणारं डीएबी. शेवटचं हिमॅटॉक्सिलिन, म्हणजे निळा रंग, हलकंच हवं. निळा गडद झाला की फिकट तपकिरी केंद्रक त्याखाली दडतं, आणि पीएमएस२ मुळातच फिकट येतं.

मायक्रोस्कोपखाली गाठ नंतर, आधी लिम्फोसाइट (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) आणि निरोगी ग्रंथींचा तळ. यांच्यात ही प्रथिनं असायलाच हवीत. त्यांची केंद्रकं तपकिरी नसतील तर त्या भागाबद्दल काहीच म्हणता येत नाही. 'प्रथिन नाही' असं तर मुळीच नाही. सायटोप्लाझमचा रंग धरायचा नाही. फसवे रिपोर्ट इथेच जन्मतात: फॉर्मॅलिन नीट न मुरलेल्या मधल्या भागात गाठही कोरी, लिम्फोसाइटही कोरे, आणि घाईत कुणी 'लॉस' (प्रथिन गेलं) लिहून मोकळं होतं.

सगळ्यात रंजक स्लाइड एमएसएच६ ची. एमएलएच१ आणि पीएमएस२ पूर्ण गेलेल्या गाठीत कधीकधी एमएसएच६ ठिगळांसारखं दिसतं, एका ग्रंथीत आहे आणि तिला लागून असलेल्या ग्रंथीत नाही. कारण एमएसएच६ च्या स्वतःच्या जनुकात सलग आठ 'सी' (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) आहेत. दुरुस्ती बंद असली की अशा एकसुरी पट्ट्या नक्कल करताना घसरतात, आणि गाठीतल्या पेशींच्या काही वंशावळींत हेही जनुक मोडतं. याला आनुवंशिक एमएसएच६ दोष म्हणायचं नाही. गाठीत प्रत्येक वंशावळ आपापल्या चुका साठवत जाते, तेव्हा छोट्या बायॉप्सीत एकच बाजू दिसू शकते. मोडलेल्या जनुकांतून तयार होणारे परके प्रथिनांचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींना खुणावतात. म्हणून या गाठींत लिम्फोसाइट खच्चून भरलेले असतात आणि पेम्ब्रोलिझुमॅबसारखी, रोगप्रतिकारक पेशींना मोकळं सोडणारी औषधं लागू पडतात. अमेरिकेत २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबला मंजुरी मिळाली ती याच दोषावर, कोणत्याही एका अवयवावर नव्हे.

गुदाशयाच्या गाठीला आधी किरणोपचार झाले असतील तर एमएसएच६ खोटं कमी दिसतं. तिथे उपचारांपूर्वीची बायॉप्सीच मागवावी. चित्र गोंधळाचं असेल तर पीसीआरनं (डीएनएच्या प्रती वाढवून) मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतल्या अशाच एकसुरी पट्ट्या, बघायचे, मात्र कापात पुरेशा गाठीच्या पेशी हव्यात, नाहीतर निरोगी डीएनएत खूण बुडते. बिघडलेलं प्रथिनही कधी रंग घेतं, तेव्हा चारही हजर असून पीसीआरमध्ये या पट्ट्या अस्थिर, म्हणजे लांबी बदललेल्या, येऊ शकतात.

एमएलएच१ गेलं म्हणजे लगेच लिंच सिंड्रोम, म्हणजे या जनुकांचा आनुवंशिक दोष, नाही. बहुतेकांत त्या जनुकाचा प्रमोटर (ते चालू करणारा भाग) मिथायलेशननं, म्हणजे डीएनएवर चिकटलेल्या रासायनिक खुणांनी, बंद झालेला असतो. गाठीत बीआरएएफ जनुकाचा व्ही६००ई हा बदल सापडला तर आनुवंशिक शक्यता खूपच कमी. तो नसेल तर मिथायलेशन तपासायचं, तेही नसेल तर रक्तावरून जनुक तपासणी. एमएसएच२ गेलं असेल तर सरळ रक्तावरच जावं, आणि भावंडं-मुलांनाही त्याच वेळी समुपदेशनाला न्यावं.

दुसऱ्या लॅबला ब्लॉक पाठवायचा तर नंबर रिपोर्टशी ताडून घ्या. आणि मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण मऊ पडलं की पुन्हा नीट काप निघत नाहीत.