आमची वाटचाल: नऊ सतराची एरर

आम्ही दोघांनी फर्म काढली तेव्हा आमच्या जावास्क्रिप्ट ॲपची कॅश, म्हणजे एकदा आलेली उत्तरं जपून ठेवायची जागा, एक साधं ऑब्जेक्ट होतं. उत्तर आलं की त्यात टाकायचं, पुढच्याला तिथूनच द्यायचं. पण एकाच खात्याचं नाव ४० ओळींत दिसणाऱ्या स्क्रीनवर ४० विनंत्या जायच्या. पहिलं उत्तर परतायच्या आतच बाकीच्या ३९ ओळी रिकामी कॅश बघून मोकळ्या झालेल्या असत. भागीदार म्हणाला, उत्तर कशाला, प्रॉमिसच ठेवू, म्हणजे अजून यायच्या उत्तराचा वायदा. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या मानकात प्रॉमिस आणि मॅप (की, म्हणजे खूण, देऊन तिच्यापाशी वस्तू ठेवायची सोय) दोन्ही आलेच होते. अवेटच्या, म्हणजे उत्तरासाठी थांबायच्या, आधी प्रॉमिस मॅपमध्ये टाकलं की सगळे त्या एकाचीच वाट बघतात. कल्पना त्याची, हे मी आजही नाकारत नाही.

मग एका सोमवारी मोठ्या ग्राहकाचा डेटाबेस जेमतेम २ सेकंद गचकला. तो सावरला, आम्ही नाही. रिजेक्ट झालेलं, म्हणजे फसलेलं, प्रॉमिस मॅपमध्ये ठाण मांडून बसलं आणि आमचं ॲप दुपारपर्यंत तीच एरर इमानेइतबारे वाटत राहिलं. रीस्टार्ट केलं की बरं व्हायचं, म्हणून खापर नेटवर्कवर. तिसऱ्यांदा झालं तेव्हा ग्राहक गेला, तोही 'आम्ही कॅश वापरतच नाही' असं मिरवणाऱ्या कंपनीकडे. महिन्याभरात भागीदारही तिकडेच.

राहिल्या त्या गोदामाचा हिशेब सांभाळणाऱ्या एक मॅडम. आरडाओरडा नाही, फक्त वहीत नोंदी. त्यांनीच दाखवलं: एरर दहाला येवो की बाराला, तिच्यात छापलेली वेळ नऊ सतराच. शिळी एरर! चार दिवस लॉग चाळून आम्हाला जे दिसलं नव्हतं, ते त्या वहीत होतं.

दुरुस्तीतही ठेच लागलीच. आधी फायनली (यश येवो की अपयश, शेवटी चालणारा भाग) लावून मॅपमधली की काढली, पण फायनलीतून निघणारं नवं प्रॉमिस वाऱ्यावर सोडलं. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) १५ पासून न हाताळलेलं रिजेक्शन अख्खी प्रोसेस पाडतं. आता कॅचमध्येच (फक्त अपयश आलं तर चालणारा भाग) ती की काढतो, आणि मॅपमध्ये तेच प्रॉमिस असेल तरच. नाहीतर जुनं अपयश नव्या उत्तराला घेऊन बुडतं.

पुढची वर्षं बरी गेली.

नव्या मुलांना सांगतो: मॅपची की म्हणून दर वेळी ताजं ऑब्जेक्ट देऊ नका, आतला मजकूर तोच असला तरी कधीच जुळणार नाही. कीमध्ये वापरकर्ता घाला, नाहीतर एकाचा हिशेब दुसऱ्याला दिसेल. आणि कॅशमधून आलेला, सगळ्यांचा सामायिक ॲरे (यादी) जागच्या जागी सॉर्ट करणाऱ्याला आधी चहा पाजा, मग झापा.

परवा त्या कंपनीची जाहिरात पाहिली: 'एकच विनंती, सगळ्यांना उत्तर.' वाक्यसुद्धा भागीदाराचंच. पहिला लुकअप, म्हणजे माहितीची मागणी, मुद्दाम पाडून दुसरा यशस्वी होतो का, ही चाचणी त्यांनी लिहिली आहे का, एवढंच विचारायचं होतं. फोन उचलला नाही.