जॉर्ज क्रोगनची वंशावळ: आजोळ झालं, आता सासरवाडी

मंडळी, क्रोगनचं काम बरंच पुढे सरकलंय म्हणून अपडेट टाकतेय. नवीन लोकांसाठी थोडक्यात, जॉर्ज क्रोगन म्हणजे १८१२ च्या युद्धातला अमेरिकन मेजर, किल्ला सोडून ये असा जनरल हॅरिसनचा हुकूम आलेला तरी हा पठ्ठ्या ओहायोतल्या फोर्ट स्टीफनसनमध्ये ठाण मांडून बसला, आणि २ ऑगस्ट १८१३ ला जेमतेम १६० माणसं आणि एकच सहा पौंडी तोफ यांच्या जोरावर ब्रिटिशांचा हल्ला परतवला. तोफ लपवून ठेवलेली, शत्रू खंदकात उतरल्यावरच डागली. वय फक्त २१!

पण मला खरं वेड लावलंय ते त्याच्या आजोळाने. आई ल्यूसी क्लार्क घराण्यातली, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकेकडून लढलेला सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्क सख्खा मामा आणि लुईस-क्लार्क मोहिमेत लुईससोबत पॅसिफिकपर्यंत गेलेला विल्यम क्लार्क सगळ्यात धाकटा मामा. १८०९ मध्ये जॉर्जमामाचा पाय कापावा लागला तेव्हा तो लुइव्हिलजवळ ल्यूसीच्याच घरी, लोकस्ट ग्रोव्हला राहायला आला आणि १८१८ मध्ये तिथेच वारला. आडनावाने झाड लावलं की हे सगळं हातातून निसटतं, म्हणून मी आता प्रत्येक बहिणीची फांदी आधी लावते मग पुढे जाते. फॅनी मावशीचा मुलगा जॉन ओफॅलन असाच सापडला, तोही १८११ ला मूलनिवासींविरुद्धच्या टिपेकनूच्या लढाईत होता आणि आपला क्रोगनपण!

दोन ठिकाणी जरा जपून. एक, फोर्ट सम्टरवाला (अमेरिकन यादवी युद्ध जिथे सुरू झालं तो किल्ला) रॉबर्ट अँडरसन बऱ्याच झाडांत क्रोगनचा मावसभाऊ म्हणून लावलेला असतो, पण एलिझाबेथ मावशी त्याच्या वडिलांची पहिली बायको, रॉबर्ट दुसरीचा, त्यामुळे क्लार्क रक्त नाही. दुसरं म्हणजे त्याच नावाचा थोरला जॉर्ज क्रोगन, तो आपल्या क्रोगनच्या वडिलांचा काका, १७८२ मध्ये गेला, आणि त्याची मोहॉक (मूलनिवासी जमात) बायकोपासूनची मुलगी कॅथरीन ही जोसेफ ब्रँटची बायको. हा ब्रँट स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांकडून लढलेला, म्हणजे एकाच घरात दोन्ही बाजू.

आपल्या क्रोगनचा भाऊ डॉ. जॉन, त्याने १८३९ मध्ये केंटकीतली मॅमथ केव्ह ही प्रचंड गुहा विकत घेतली आणि आत चक्क क्षयरोग्यांना ठेवलं, शेवटी स्वतःही क्षयानेच गेला, १८४९ मध्ये. जॉर्ज त्याच वर्षी जानेवारीत न्यू ऑर्लिन्सला कॉलऱ्याने गेला. (१९०६ मध्ये त्याचे अवशेष फ्रीमाँटला आणून किल्ल्याच्या जागी पुरले, ती तोफही तिथेच आहे, कुणी त्या बाजूला गेलात तर नक्की बघा.)

सध्या बायकोची, सेरीना लिव्हिंगस्टनची बाजू चालू आहे आणि ही तर खाणच निघाली. लुइझियाना खरेदीची (अमेरिकेने फ्रान्सकडून घेतलेला मोठा प्रदेश) बोलणी पॅरिसमध्ये करणारा रॉबर्ट लिव्हिंगस्टन तिचा काका, म्हणजे बायकोच्या काकाने जमीन घेतली आणि नवऱ्याच्या मामाने तिचा नकाशा काढला! तिची आत्या जॅनेट ही १७७५ मध्ये क्यूबेकच्या लढाईत मारल्या गेलेल्या जनरल माँटगोमेरीची बायको. पुढच्या वेळी हीच फांदी, आत्यांपासून सुरू करतेय.