कॉर्फूचं कुमक्वाट: साल गोड, गर आंबट

कॉर्फूला लोक उन्हाळ्यात समुद्रासाठी जातात. मी गेले फेब्रुवारीच्या अखेरीस, पावसात, कारण कुमक्वाट, म्हणजे संत्र्याच्या कुळातलं छोटंसं फळ, तेव्हा झाडावर पिकलेलं असतं. ग्रीसच्या या बेटावर जुन्या शहरात शिरलं की दुकानांच्या काचांमागे कुमक्वाटच्या भडक केशरी लिकरच्या (गोड मद्याच्या) बाटल्या रांगेनं उभ्या दिसतात. चाखली, नुसती साखर आणि रंग. पाकात मुरवलेली अख्खी फळं मात्र झकास, आपल्या मोरावळ्याच्या घरातली.

ताजं फळ खायचं तर निम्फेस हे गाव गाठायचं. बस उत्तरेकडे निघाली की दोन्ही बाजूंना ऑलिव्हच ऑलिव्ह, व्हेनिसच्या राजवटीत लावायला लावलेले. निम्फेसला झरे आहेत, धबधबाही आहे, आणि कुमक्वाटला पाणी लागतं. इथल्या बागा ठेंगण्या: बारीक, तुकतुकीत पानं आणि त्यांत जेमतेम दीड इंचाची लांबट केशरी फळं.

हे झाड मूळचं चीनचं. रॉबर्ट फॉर्च्युन या वनस्पती गोळा करणाऱ्या स्कॉटिश माणसानं ते १८४६ मध्ये लंडनला नेलं. कॉर्फूवर ते सिडनी मर्लिन या इंग्रज बागायतदारानं आणलं असं मानतात. हा गृहस्थ १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीतही उतरला होता! ब्रिटिशांचा अंमल १८६४ मध्येच संपला होता, पण त्यांचं क्रिकेट बेटावर आजही खेळलं जातं. मला तेवढ्यानंच गाव आपलं वाटलं.

बागेतल्या आजी कात्रीनं देठासकट फळ कापत होत्या. ओढून तोडलं तर साल फाटते आणि फळ टिकत नाही. मी सोलायला नख लावलं तशा त्या हसल्या. फळ बोटांत चोळून त्यांनी अख्खंच तोंडात टाकलं. मीही टाकलं. आधी गराचा आंबटपणा झणकन कानशिलापर्यंत गेला, मग चावता चावता सालीचा गोडवा वर आला. म्हणून घाईनं गिळायचं नाही, चावत राहायचं. बिया खुशाल थुंकाव्या.

संत्र्या-लिंबांपेक्षा हे झाड थंडी जास्त सोसतं, कारण हिवाळ्यात ते गाढ झोपतं आणि पालवीही उशिरा फुटते. फुलं येतात थेट उन्हाळ्यात. इथं बियांपासून सहसा लावत नाहीत, कलमच करतात. कुंडीतही वाढतं, फक्त ऊन भरपूर हवं आणि मुळाशी पाणी साचता कामा नये.

पुण्या-मुंबईच्या नर्सरीत ‘चायना ऑरेंज’ म्हणून मिळणारं झाड बहुतेकदा हे नव्हे. ते कॅलमोंडिन, म्हणजे कुमक्वाट आणि मँडरिन संत्र्याचा संकर. फळ गोल, साल सुटी, रस लिंबाइतका आंबट. त्याचं सरबत फक्कड होतं, आणि घरात लिंबू संपलं असेल तर वरणभातावर पिळायलाही चालतं.