तुम्ही विचारलंत म्हणून: कथा आधी तपासून का घेतली नाहीत?

माझी कथा ‘व्याकरणाच्या चुकांमुळे साभार परत’ आली होती, हे कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘अहो, मग पाठवण्याआधी कोणाकडून तपासून का घेतली नाहीत?’ आजवर मी ‘हो, चुकलंच’ म्हणून विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

तपासून घेतली नाही, कारण तपासण्यासारखं काही आहे हेच मला दिसत नव्हतं. मराठी बोलताना आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे उच्चारत नाही. एक दिवस, दुसरा केविलवाणा, पण कानाला दोन्ही सारखेच. मी आयुष्यभर कानावर विसंबून लिहिलं. संगणकाचीही मदत नाही, कारण शब्द दोन्ही बरोबर आहेत. लाल रेघ येणार कशी?

नियम आहेत, हे मान्य. साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. ‘अठराच तर आहेत, पाठ करून टाका’ हेही मी पुष्कळदा ऐकलंय. केले पाठ. ‘गरीब’ दीर्घ, ‘गरिबाला’ ऱ्हस्व. ‘फूल’, पण ‘फुलाला’. मग त्याच न्यायाने ‘शरिराला’ लिहावं तर ते चूक, कारण ‘शरीर’ तत्सम, त्याचा दीर्घ हलत नाही. म्हणजे नियम लावण्याआधी हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय की नाही, ते ठाऊक हवं. ज्याचा संस्कृतशी कधी संबंधच आला नाही, त्याने ते कुठून आणायचं? याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

पण ती कथा केवळ नियमांच्या अवघडपणामुळे परत आली, असं म्हणणंही खरं नाही.

पाकीट जाड होतं, तेव्हाच कळलं. पहिल्या पानावर पेन्सिलीच्या खुणा दाट होत्या. ‘पाहिजे’ला मी दीर्घ वेलांटी दिली होती, ‘महत्त्व’ एकाच ‘त’वर भागवलं होतं, ‘त्यांनी’वरचे अनुस्वार सहा ठिकाणी गायब होते. एका लांब वाक्यात ‘मुलगा’ होता आणि शेवटी ‘निघून गेली’. आधीच्या खर्ड्यात ती मुलगी होती. मुलीचा मुलगा केला आणि क्रियापद तसंच राहिलं. ही चूक कुठल्याही नियमाच्या माथी मारता येत नाही. तो माझा निष्काळजीपणा.

दुसऱ्या पानावर मध्यावर ते वाक्य होतं. कथा मुळात त्या वाक्यासाठी लिहिलेली. मुलगा घर सोडून निघालाय, बाप दारात उभा आहे. मी लिहिलं होतं, ‘बापाच्या कपाळावरची शिर ताडताड उडत होती, पण तो एक शब्द बोलला नाही.’ ‘शिर’भोवती गोल होता आणि समासात बारीक अक्षरात एकच शब्द: ‘डोके?’

मी कितीतरी वेळ त्या प्रश्नचिन्हाकडे बघत बसले. रक्तवाहिनी ती ‘शीर’, दीर्घ. ‘शिर’ म्हणजे डोकं. अनेकवचनात ‘शिरा’ होतं तेव्हा मात्र ऱ्हस्वच, आणि बहुधा तिथूनच माझ्या हातात ती पहिली वेलांटी बसली असावी. पण हे झालं मागाहूनचं शहाणपण. त्या क्षणी एवढंच कळलं, की जिथे वाचणाऱ्याचा श्वास अडकायला हवा होता, तिथे तो वेलांटीला अडकला.

त्या गोलानंतर एकही खूण नाही. उरलेली नऊ पानं कोरी. सगळ्या खुणांपेक्षा तो कोरेपणा मला जास्त लागला. तिथे वाचणं थांबलं होतं.

तेव्हा मी म्हणत होते, भाव कळला ना? मग वेलांटी कुठली का असेना! वर्षभर हे मी तावातावाने सांगितलं. आज मी स्वतःलाच विचारते, भाव कळला असता तर त्याने ‘डोके?’ लिहिलं असतं का? यावर त्या वेळची मी म्हणते, पुढची नऊ पानं वाचली असती तर कळला असता. दोघींचं अजून पटलेलं नाही.

नंतर मी चिकाटीने शिकले. ‘परिचय’ ऱ्हस्व आणि ‘परीक्षा’ दीर्घ का, हे ‘परि अधिक ईक्षा’ अशी फोड कोणीतरी करून दाखवली तेव्हा उमगलं, आणि तो शब्द पुन्हा कधी चुकला नाही. उलट ‘महत्त्व’ शिकल्यावर काही महिने मी ‘अस्तित्त्व’ही दोन ‘त’ देऊन लिहीत होते.

आणि हो, एक कथा मी खरंच तपासायला दिली होती. वेलांट्या सुधारून आल्या, त्याबरोबर म्हातारीच्या तोंडचं ‘व्हतं’ सगळीकडे ‘होतं’ होऊन आलं. ती म्हातारी कथेतून निघूनच गेली होती. तेव्हापासून हात आखडला.

पण हे कारणही अर्धंच. खरं कारण लाज. कथा कोणाला वाचायला द्यायला मी घाबरत नाही. चुका काढायला द्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो. ‘लिहिते म्हणते आणि एवढंही येत नाही’ हे समोरच्याच्या चेहऱ्यावर बघण्यापेक्षा अनोळखी संपादकाची पेन्सिल मला परवडते. हे शहाणपणाचं नाही, मला ठाऊक आहे.

त्या कथेतली शीर मी दीर्घ केली आहे. तो मुलगाही आता ‘निघून गेला’ आहे. कथा पुन्हा पाठवलेली नाही. पाठवली आणि या वेळी अकराच्या अकरा पानं वाचून परत आली, तर काय करायचं, ते ठरत नाहीये.