बाबांची दुनळी माझ्या नावावर

बाबांचं तेरावं झालं आणि कपाट आवरताना त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक समोर आली. राजापूरला असताना डुकरांपासून शेत राखायला घेतलेली. निवृत्तीनंतर दादरला आले तेव्हा रीतसर इथे नोंदवलेली. पण परवाना बाबांच्या नावावर. ते गेल्यावर ती घरात ठेवायचा आम्हाला हक्कच उरला नव्हता. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे अशी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. मला हे उशिरा कळलं, त्याची रुखरुख अजून आहे.

मला धास्ती मात्र बंदुकीपेक्षा बिस्किटांच्या डब्यातल्या काडतुसांची वाटली. चौदा होती, जुनी, कागदी नळीची. दादरच्या पावसाळ्यांनी कागद फुगलेला, पितळी बुडावर हिरवट थर. दादा म्हणाला, "उन्हात ठेवू, वाळतील." मी डब्याला हात लावू दिला नाही आणि ठाण्यात फोन केला.

हवालदारांनी आल्या आल्या बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीपाशी नळ्या खाली वाकवून उघडली, खिडकीकडे धरून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहिला, मगच खाली बसले. काडतुसं बघून म्हणाले, "ताई, ही आता वापरायची नाहीत." कारण नीट समजावलं. फुगलेलं काडतूस नळीत रुतून बसतं. दारू सर्दली असेल तर बार अर्धवट होतो, छर्रे किंवा त्यांच्यामागची चकती नळीतच अडकते; ते न बघता पुढचा बार टाकला की नळी फाटते. सोलून दारू बदलणं हा तर घरी करायचा उद्योगच नव्हे. काडतुसं बंदुकीबरोबरच जमा झाली. पावती घेताना बंदुकीचा नंबर ताडून बघा. आमच्या पावतीत एक आकडा चुकला होता, तिथेच दुरुस्त करून घेतला.

मग माझ्या नावाचा अर्ज. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. मृत्यूदाखला, आई आणि दादाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, डॉक्टरांचा दाखला, पोलीस पडताळणी. दाखल्यावर बाबांचं नाव पूर्ण, परवान्यावर नुसती आद्याक्षरं, एवढ्यावरून फाइल दोन महिने अडली. एकूण आठ महिने गेले.

२०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षेचं प्रशिक्षण आहे, ते मला फार मोलाचं वाटलं. तिथे सरावात मी चाप ओढला, नुसतं "टक्" झालं, बार नाही. हात आपसूक बंदूक उघडायला गेला. "थांबा!" प्रशिक्षक ओरडले. नळी निशाणाकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबायचं, कारण दारू कधीकधी उशिरा पेटते. मी मोठ्याने तीसपर्यंत मोजलं. मग त्यांनी ते काडतूस स्वतः काढलं आणि बाजूला ठेवलं.

बंदूक आता घरी आहे, कुलपात, मोडून ठेवलेली. नवी काडतुसं वेगळ्या कपाटात, डब्यावर खरेदीची तारीख लिहून. आईने दस्ता तेलाच्या फडक्याने पुसला, बाबा दर दसऱ्याला पुसायचे तसा.