व्हिलाफ्रांकाचं बंद दार

स्पेनमधल्या लिऑनच्या कॅथेड्रलसमोरून सकाळी सातला निघाले तेव्हा पाठीवर साडेसहा किलोची सॅक होती आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात एक दगड. सुपारीपेक्षा जरासा मोठा. पुढे तीनशेहून थोडे जास्त किलोमीटर चालत सांतियागो दे कोंपोस्तेला गाठायचं, प्रेषित याकोबाच्या कबरीपर्यंत. मी याला वारीच म्हणते, पण इथे टाळ नाहीत की दिंडी नाही. दगडावर, भिंतीवर, झाडावर रंगवलेले पिवळे बाण बघत जो तो आपापला चालतो.

नवरा जाऊन चौदा महिने झाले होते. त्याआधी दोन वर्षं आजारपण. त्या काळात मी रोज रोझरी म्हटली, उपास केले, आणि तो गेल्यावर हे सगळं एका दिवसात थांबलं. चर्चमध्ये मिस्साला जायचे, ते लोकांनी विचारू नये म्हणून. ‘देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो’ हे इतक्या जणांनी ऐकवलं की त्या प्रेमाचीच धास्ती बसली. कोणीतरी कार्डावर पौलाचं वचनही लिहून दिलं होतं, बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. कार्ड मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आला. यात्रेकरूंसाठी वाटेवर आल्बेर्गे असतात, एकेका खोलीत ओळीने बंक. तिथे एका निवृत्त जर्मन नर्सने माझा पाय मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा आतच ठेवला, म्हणजे पाणी झिरपत राहतं. (डॉक्टर लोक याला नाकं मुरडतात म्हणे. माझं निभावलं.) मी वरची कातडी सोलायला गेले तर तिने हातावर चापट मारली. राहू दे, म्हणाली, नवी कातडी हिच्याच आडोशाला धरते.

मग लोखंडी क्रूस, क्रुस दे फेर्रो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटरवर एक उंच लाकडी खांब, टोकाला छोटासा क्रूस, पायथ्याशी यात्रेकरूंनी आणून टाकलेल्या दगडांचा ढीग. आपला दगड ठेवायचा आणि ओझं तिथेच सोडायचं, अशी रीत. या क्षणाची मनातल्या मनात इतकी तालीम झाली होती की काय म्हणायचं तेही पाठ होतं. दगड ठेवला. काहीच झालं नाही. वारा सुटला होता, नाक गळत होतं आणि मागचा माणूस फोटोसाठी मी कधी बाजूला होते याची वाट बघत होता.

तिथून मोलिनासेकापर्यंतचा उतार जवळजवळ ९०० मीटरचा, सुट्या दगडांचा. निम्म्या उतारावर उजवा गुडघा गेला. संध्याकाळी तो एवढा सुजला की पँट वर सरकेना.

व्हिलाफ्रांका देल बिएर्सोला मी दोन दिवसांनी लंगडतच पोचले. गावात शिरताना संत याकोबाचं जुनं दगडी चर्च लागतं आणि त्याच्या उत्तरेकडच्या दाराला क्षमेचं दार म्हणतात. मध्ययुगात आजारी पडलेल्या ज्या यात्रेकरूला पुढचे डोंगर चढवत नसत, त्याला या दाराशी सांतियागोला पोचल्याइतकीच कृपा मिळायची. अजून पावणेदोनशेहून जास्त किलोमीटर शिल्लक असताना! दार उघडतं फक्त पवित्र वर्षात, म्हणजे २५ जुलैला रविवार येतो त्या वर्षी. मी गेले तेव्हा ते बंद होतं. पायरीवर बसून गुडघ्यावर थंड पाण्याची बाटली धरली.

शेवटच्या तीन आठवड्यांत नवऱ्याने प्रार्थना सोडली होती. मी पुस्तक उघडलं की तोंड फिरवायचा. एकदा म्हणाला, ‘मला आता नाही जमत गं. तू म्हण.’ त्या वाक्याचा मला राग होता, हे त्या पायरीवर बसल्यावर कळलं. इतकं चालून ऐन शेवटी हा बसला, असं मी धरून ठेवलं होतं. आणि इथे कित्येक शतकांपूर्वी कोणीतरी दगडात दार बसवून ठेवलं होतं, बसलेल्या माणसांसाठीच.

रडले. मग ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हटलं, चौदा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून. मधलं एक वाक्य विसरले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दोन दिवस तिथेच मुक्काम केला. मग ओ सेब्रेइरोचा चढ, १,३०० मीटरपर्यंत, एका काठीच्या आधाराने. सगळे पुढे गेले. चढताना बायबलमधले, येशू क्रूसावर गेल्यानंतर खचून अम्माउस गावाकडे निघालेले ते दोघे शिष्य आठवत होते. ‘आम्हांला आशा होती,’ म्हणतात ते. होती. यरुशलेमला पाठ करून निघालेत आणि येशू, ओळख न देता, त्यांच्याच दिशेने त्यांच्याबरोबर चालू लागतो. आधी मागे फिरा, असं म्हणत नाही. पौलाचं वचनही त्या चढावर निराळं ऐकू आलं. संकटातून थेट आशा, असं तो म्हणतच नाही. मध्ये दोन मुक्काम आहेत, आणि मी बहुधा पहिल्यावर होते. तेवढं कळलं तरी पाय हलका पडत होता.

वर चर्चच्या आवारात फादर एलियास व्हालिन्या यांचा अर्धपुतळा आहे. ते इथलेच धर्मगुरू. ही वाट जवळपास विसरली गेली होती तेव्हा, १९८०च्या दशकात, त्यांनी पिवळ्या रंगाचे डबे घेऊन हे बाण रंगवत नेले. १९८९ला ते वारले, आजची गर्दी न बघता. त्यांच्या खांद्याला हात लावून पुढे निघाले.

सारियापासून गर्दी वाढली, कारण यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राला शेवटचे १०० किलोमीटर पायी झालेले चालतात. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाऊस होता.

सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयात शिक्क्यांनी भरलेलं माझं पासपोर्टसारखं पुस्तक तपासून काउंटरवरच्या तरुण स्वयंसेविकेने माझं नाव विचारलं. वाटेत कोणीतरी सांगितलं होतं की दिवंगत किंवा आजारी माणसाच्या वतीने चाललात, तर प्रमाणपत्रावर ‘विकारिए प्रो’ लिहून त्याचं नाव घालतात. मी ते मागितलं. नवऱ्याच्या नावाचं एकेक अक्षर सावकाश सांगितलं, तिने दोनदा खोडून लिहिलं.

‘त्यांना येता नाही आलं का?’ तिने विचारलं.

‘आला होता,’ मी म्हटलं, ‘व्हिलाफ्रांकापर्यंत.’